शिवीचे जमा-नावे

मराठी माणूस धंद्यात मागे असेल, पण शिवी देण्यात तो कुणाच्या बापाला ऐकत नाही. आता पाहा, विषयाला सुरुवात केली न केली तोच बाप आला. भाषेत बापाचा थाट मोठा. कर्तबगार असेल तर तो 'बापमाणूस'. एखादी गोष्ट हक्काची नसेल तर ती 'तुझ्या बापाची आहे का?' म्हणजे मालमत्ता असलीच तर ती बापाचीच असणार, हे गृहीत. भांडणात बाप काढतात हे खरे. पण काढतात आणि बाजूला ठेवतात. त्याला पुढे काही करत नाहीत. आई, बहीण किंवा बायको यांच्या वाट्याला भांडणात जे येते, ते इथे छापता येत नाही, आणि तुम्हालाही ते तोंडपाठ असल्यामुळे छापायची गरज नाही.

मी कॉमर्सचा पदवीधर. त्यात बँकेत कारकून. त्यामुळे नैतिक प्रश्नसुद्धा मला जमा-नावे या भाषेतच पडतात. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षी आम्हाला एक सोन्यासारखा नियम शिकवला होता : घेणाऱ्याच्या नावे टाका, देणाऱ्याच्या खाती जमा करा. हा नियम शिवीला लावून पाहा. शिवी देणारा बंडू. घेणारा खंडू. स्कूटर खंडूने आडवी घातली, शिवीही खंडूनेच घेतली. पण नावे कुणाच्या पडली? खंडूच्या आईच्या! ती माउली त्या वेळी घरी मेथी निवडत बसलेली. ना तिला वाहन चालवता येते, ना तिने सिग्नल तोडलेला. दुसऱ्याच्या व्यवहारापोटी तिच्या खात्यावर रक्कम टाकलेली. अशी एक नोंद मी बँकेत केली तर दुसऱ्या दिवशी माझ्यावर चौकशी बसेल.

गंमत म्हणजे ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे, की घेणारा माणूस नसला तरी चालतो. परवा आमचा सर्व्हर डाऊन होता. काउंटरपुढचे एक गृहस्थ पाऊण तास शांत राहिले आणि मग त्यांनी सर्व्हरच्या आईचा उद्धार केला. सर्व्हरला आई नसते, हे त्यांनाही ठाऊक असणार. पण शिवीच्या फॉर्मवर तो रकाना भरावाच लागतो.

हे झाले पुरुषाला द्यायच्या शिव्यांचे. खास बाईसाठी राखीव शिव्या पाहिल्या, तर त्यात निम्म्या देवता निघतात. मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री येऊन त्याच्या कपाळी नशीब लिहून जाते ती सटवाई. आणि शेजारीण आवडत नसली की ती 'सटवी'. तुळजापूरला रांगेत उभे राहून जिच्या पायांवर डोके ठेवायचे, तिचेच नाव घरी येऊन सुनेला : 'उठल्या का भवानी?' पुरुषालाही म्हसोबा म्हणतात, नंदीबैल म्हणतात, नाही असे नाही. पण म्हसोबा म्हणजे ढिम्म, नंदीबैल म्हणजे मान डोलावणारा, ठोंब्या म्हणजे मठ्ठ. हे सगळे दोष थोडे हातपाय हलवले तर जाण्यासारखे. बाईच्या शिव्या मात्र तिच्या शीलावर नाही तर नशिबावर. तिथे दुरुस्तीला वावच नाही.

नशिबाचीच गोष्ट घ्या. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८५७ सालच्या आवृत्तीत उघडून पाहा. 'रांड' या शब्दाचा पहिला अर्थ विधवा, आणि शिवी त्यानंतर. म्हणजे नवरा मेला तो त्याच्या दुखण्याने, आणि शिवी लागली हिला! बायको गेलेला पुरुष मात्र विधुर. ऐकायला एखादी पदवी वाटावी. पुन्हा बोहल्यावर चढला की बिजवर. 'पांढऱ्या पायाची' असते, पांढऱ्या पायाचा जावई मी अजून ऐकलेला नाही. मूल होत नसले तर दोष नवराबायकोंपैकी कुणातही असू शकतो, असे डॉक्टर सांगतात. पण 'वांझ' हा शब्द तयार करून भाषेने तपासणीआधीच रिपोर्ट देऊन टाकलेला आहे.

एकाच वागणुकीला दोन भाव, हा प्रकार तर कचेरीत रोजचा. साहेब ओरडले की शिस्तीचे. मॅडम ओरडल्या की खाष्ट. दहा ठिकाणी नजर टाकणारा पुरुष रंगेल, आणि हा शब्द त्याच्या सत्काराच्या भाषणातही हशा मिळवून जातो. बाईसाठी त्या अर्थाचे जे शब्द आहेत, त्यांतला एक तरी सत्कारात वापरून दाखवा.

आणि पुरुषाचा सर्वांत मोठा अपमान कोणता? त्याला बाई म्हणणे! 'बायल्या', 'बांगड्या भर' वगैरे. आमच्या हिच्या हातात बांगड्या आहेत. त्याच हातांनी ती भरलेला सिलिंडर तिरका करून गोल फिरवत स्वयंपाकघरात नेते. माझ्या हातात बांगड्या नाहीत, आणि मी दार धरून उभा असतो. परवा शेजारचा छोटा गुडघा फुटून रडत होता. त्याचे आजोबा म्हणाले, "मुलीसारखा काय रडतोस?" आमची कन्या सहावीत आहे. तिने मला विचारले, "बाबा, मग मी कुणासारखं रडायचं?" मी वर्तमानपत्र वर केले, पण त्यात उत्तर छापलेले नव्हते.

आमच्या कॅशियरसमोर मी हा विषय काढला. ते म्हणाले, "अहो, शिवी काय कोश उघडून देतात? तोंडातून जाते. अर्थ कुणाच्या मनात असतो?" मी म्हटले, "न वाचता केलेल्या सहीचे पैसे द्यावे लागतात की नाही?" यावर ते नोटा मोजू लागले. शब्दाला अर्थच उरला नसेल, तर आईचे नाव निघाल्याबरोबर बाह्या वर का सरकतात? लागावी म्हणूनच ती शिवी तिथे मारलेली असते. मारणाऱ्याला नेम चांगला ठाऊक असतो, फक्त मध्ये कोण उभी आहे हे तो पाहत नाही.

त्यापेक्षा बायकांचा हिशेब सरळ. 'मेल्या', 'मुडद्या' या शिव्या भयंकर आहेत, मरणच चिंततात. पण ज्याचे त्याच्या नावे! त्याच्या वडिलांना मध्ये ओढलेले नाही. साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात बोरी आणि सुखेड ही दोन गावे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. याला 'बोरीचा बार' म्हणतात. देणारी समोर, घेणारी समोर. व्यवहार रोखीचा.

सुधारणा होते आहे, नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली एक पुस्तिका काढून बायकांबद्दलचे कोणते शब्द न्यायालयीन कामकाजात टाळावेत ते सांगितले. आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावच्या ग्रामसभेने २०२४ साली ठरावच केला : आई-बहिणीवरून शिवी दिली तर दंड रुपये ५००.

ठराव मला मनापासून पटला. फक्त कारकून म्हणून एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. दंडाची रक्कम, ज्या आईवरून शिवी दिली तिच्या खात्यात थेट जमा व्हावी. पिढ्यान्‌पिढ्या त्या खात्यावर नुसते नावेच पडत आले आहे. एखादा आकडा जमेच्या बाजूला आला, तर आपली तेरीज कधी तरी जुळेल. आणि एखाद्या महिन्यात त्या खात्यात काहीच जमा झाले नाही, तर ती बाई बँकेत तक्रार घेऊन येणार नाही, याची मी लेखी हमी देतो.