रिकाम्या कुंडीला पाणी (गीता २.२८)



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला २८ वा. खरं सांगायचं तर तीन दिवस मी हा श्लोक टाळत होतो. २७ वर लिहून झालं, मग सुट्टी घेतली, मग ऑफिसचं रिलीज आडवं आलं असं कारण स्वतःलाच दिलं. कारण वेगळं होतं. आई गेली त्या आठवड्यात घरी येणारा प्रत्येक जण याच श्लोकाचा अर्थ सांगून जायचा, आणि मला तो ऐकवत नव्हता.

अर्थ थोडक्यात असा. भगवंत अर्जुनाला म्हणतात, सगळे जीव आधी अव्यक्त असतात, म्हणजे दिसत नाहीत. मधला थोडा वेळ ते दिसतात. शेवटी पुन्हा दिसेनासे होतात. मग यात शोक करण्यासारखं काय आहे? ज्ञानेश्वर माउली इथे एकामागून एक दाखले देतात. झोपलेल्याला दिसणारं स्वप्न, वाऱ्यानं पाण्यावर उठलेला तरंग, सोन्याचा दागिना, आकाशात आलेला ढग. आकार येतो आणि मोडतो. पाणी, सोनं, आकाश आपल्या जागी असतं.

हे सगळं कळतं हो. इंजिनिअर माणसाला तर फारच लवकर कळतं. पण आपली आई म्हणजे तरंग, हे बाराव्या दिवशी ऐकताना काही कळत नाही.

तर आज श्लोकाकडे वेगळ्या वाटेनं जाऊ. वाट आमच्या जवळा बाजारच्या अंगणातून जाते आणि तिथे मे फ्लॉवरच्या सात कुंड्या आहेत. (होत्या. आता चार आहेत. सांगतो.)

मे फ्लॉवर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असेल. लाल चेंडूसारखं फूल, काही जण फुटबॉल लिली म्हणतात. मूळचं आफ्रिकेतलं, पण महाराष्ट्रातल्या अंगणांत असं रुळलंय की परकं वाटत नाही. वर्षातून एकदाच फुलतं. वैशाखाच्या उन्हात, वळवाच्या आसपास, बहुतेक वेळा पानांच्याही आधी मातीतून सरळ दांडा वर येतो आणि त्यावर तो चेंडू उमलतो. आठ-दहा दिवस टिकतो. मग पानं येतात, पावसाळाभर हिरवीगार राहतात, दिवाळीनंतर पिवळी पडून वाळतात. आणि हिवाळाभर कुंडीत काहीही नसतं. नुसती माती.

आई कार्तिकात गेली. मी संक्रांतीला घरी गेलो तेव्हा सातही कुंड्या अशाच, नुसत्या मातीच्या. वर वाळकी पानं. मला वाटलं, आईमागे कुणी पाणी घातलं नाही, सगळं मेलं. पोटात कालवलं एकदम. दहा दिवस वर्क फ्रॉम होम टाकलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ बादलीनं पाणी घालत सुटलो. चौथ्या दिवशी धीर सुटला. एका कुंडीत बोट घालून कंद चाचपला. दुसऱ्या दिवशी तर चक्क उकरून बघितला. जिवंत आहे का? कोंब आहे का? पुन्हा पुरला. दोन दिवसांनी पुन्हा उकरला.

बाबा ओसरीवर बसून बघत होते. आई गेल्यापासून ते फारसं बोलत नव्हते. सहाव्या दिवशी म्हणाले, "कामून पाणी घालायलास त्याला?"

मी म्हटलं, "वाळलंय ना सगळं."

"वाळलं नाही. निजलंय. आपल्या हळदीला आता पाणी देतो का आपण?"

हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला हे खरं तर सांगावं लागू नये. आमच्याकडे घराघरात हळद. मे-जूनमध्ये लावायची, आणि पौष-माघात पाला पिवळा पडून लोळायला लागला की पाणी तोडायचं. मग पाला कापायचा, खणायचं. मधला जेठा गड्डा, बगल गड्डे, हळकुंडं वेगळी करायची. वर पाला हिरवा असतो तेव्हा हळद तयार नसते. पाला गेला की समजायचं, खालचं भरलं. लहानपणापासून डोळ्यांसमोर बघितलेली गोष्ट, आणि मी मे फ्लॉवरला बादलीनं पाणी घालत होतो. डिग्रीचा उपयोग कुठे होत नाही याची यादी काढली तर ही नोंद वर राहील.

सातातले तीन कंद कुजले. ज्याला मी सगळ्यात जास्त उकरलं होतं तो सगळ्यात आधी. हाताला मऊ लागला, वास आला.

आता इथे एक कबुली. त्याच दिवसांत मी बाबांशीही नेमकं हेच करत होतो. रोज तीन फोन. जेवलात का? झोप लागली का? बाहेर गेला होतात का? पुण्याला चला, इथे एकटे काय करता? आई असताना ते दोघं सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचे, आई घरच्या गुलछडीचा हार करून न्यायची. ते थांबलं होतं. मी दर सोमवारी मागे लागायचो, बाबा चला, मी येतो, गाडी काढतो. ते नको म्हणायचे. मला वाटायचं, माणूस आतून संपत चाललाय. म्हणून आणखी फोन.

त्यांचं मन रमावं म्हणून एका साइटवरून मी दहा कंदही मागवले होते. फोटोत निळेशार ट्युलिप. एवढंही तपासलं नाही की खऱ्या निळ्या रंगाचं ट्युलिप जगात नाहीच. आणि ट्युलिपच्या कंदाला फुलण्याआधी बारा ते सोळा आठवडे कडक थंडी लागते. श्रीनगरला दल सरोवराजवळ, झबरवानच्या पायथ्याला २००७ साली ट्युलिपची मोठी बाग सुरू झाली, ती तिथे फुलते कारण तिथला हिवाळा ते काम करतो. आमच्याकडे फेब्रुवारीतच पंखे सुरू होतात. फुलायला काय, त्यातला एकही धड उगवला नाही. बाबा कंद हातात धरून म्हणाले, "कांदा बरा आहे, पण भाजीला चालणार नाही." चार महिन्यांत ते पहिल्यांदा हसले. म्हणजे पैसे अगदीच वाया गेले असं नाही. (खरंच भाजीत घालू नका. ट्युलिप, लिली, मे फ्लॉवर, कुठलाच फुलांचा कंद खायचा नसतो, आणि मे फ्लॉवर तर चांगलंच विषारी असतं. दिसतात कांद्यासारखे, म्हणून लहान मुलांपासून लांब ठेवा.)

पण त्या ट्युलिपमुळे वाचन झालं आणि एक गोष्ट सापडली. उन्हाळ्यात ट्युलिपची पानं वाळतात, कंद खणून कोरडा ठेवतात, आणि त्याच कोरड्या, पडून राहिलेल्या काळात कंदाच्या आत पुढच्या वर्षीचं फूल घडत असतं. पाकळ्या, पुंकेसर, सगळं. अगदी बारीक, पण पूर्ण. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. सगळ्यात महत्त्वाचं काम तेव्हाच चाललेलं असतं, आणि त्या काळात पाणी घालणं म्हणजे त्या कामाचा घात.

हे वाचलं आणि २८ वा श्लोक पुन्हा काढला. मी इतके दिवस अव्यक्त म्हणजे नाही असं वाचत होतो. शब्द तसा नाहीच. अ-व्यक्त, जे प्रकट झालेलं नाही ते. भगवंतांनी नाहीसं होतं म्हटलेलंच नाही. माझ्या डोळ्यांना जे दिसत नाही ते नाही, हे माझं मी जोडलं होतं.

मात्र एक सांगतो. कंदाचा दाखला आईला लावू नका. लोक लावतात. मे फ्लॉवर पुन्हा येईल, आई त्या रूपात येणार नाही, आणि भगवंतही तसं आश्वासन देत नाहीत. तो दाखला माझ्यासाठी लागू पडला तो बाबांच्या बाबतीत.

औंढा आमचा तालुका, म्हणून विसोबा खेचरांची गोष्ट आम्ही आईच्या मांडीवरच ऐकतो. नामदेव महाराजांचं नरसीही आमच्याच जिल्ह्यातलं. परंपरा सांगते, संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं, मडकं पक्कं की कच्चं. नामदेवांना कच्चं ठरवलं. प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणारा भक्त, आणि कच्चा! मग ते गुरू शोधत औंढ्याला आले, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, म्हातारा झालोय रे, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव माझे पाय. नामदेवांना तशी जागा सापडली नाही.

लहानपणी मला वाटायचं ही देवळाची गोष्ट आहे. आता वाटतं, नामदेवांना देव दिसायचा, आणि दिसायचा म्हणूनच त्यांचा विश्वास होता. दिसला नाही की ते कासावीस. त्यांना कच्चेपणा कुठे राहिला होता तो विसोबांनी बरोबर दाखवला. मी पाचव्या दिवशी कुंडी उकरत होतो ते दुसरं काय होतं? आणि रोज तीन फोन?

माघ संपता संपता मी फोन एकावर आणला. प्रश्न बंद केले. आज पुण्यात काय झालं ते मी सांगायचो. कधी ते दोन वाक्यं बोलायचे, कधी नुसतं हूं. सोमवारचा विषय मी काढला नाही. सोपं नव्हतं. काळजी करणं हे प्रेम आहे असं आपल्याला वाटतं, आणि बऱ्याचदा ते आपल्याच घाबरण्याला दिलेलं पाणी असतं. चार कुंड्या बाबांनी भिंतीच्या सावलीत सरकवून ठेवल्या, कोरड्या.

अक्षय्य तृतीयेच्या आधी त्यांचा सकाळी सहाला फोन आला. स्वतःहून. म्हणाले, "गुलछडीचे गड्डे आणशील का पुण्याहून? आईचा वाफा मोडलाय. चांगले बघून आण, त्या ट्युलिपसारखे नको."

हडपसर-उरुळीकडच्या नर्सऱ्या मी दोन रविवार पालथ्या घातल्या. ज्यांना लावायचे आहेत त्यांच्यासाठी सांगतो, कारण एप्रिल-मे हीच वेळ आहे. हारासाठी एकेरी पाकळीची गुलछडी घ्यायची. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या शृंगार आणि प्रज्वल, किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले रजनी. दुहेरी सुवासिनी आणि अर्धदुहेरी वैभव या जाती फुलदाणीत शोभतात. कंद दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा, दाबून घट्ट, बुडाशी मऊ नसलेला. नुकताच खणलेला असेल तर महिनाभर सावलीत कोरडा ठेवून मग लावा, त्यालाही विश्रांती लागते. शेंडा वर, साधारण दोन इंच खोल, पाण्याचा निचरा होईल अशी माती. तीन-चार महिन्यांनी दांडे येतात. आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती: गुलछडीचा एक कंद एकदाच फुलतो. पुढच्या वर्षी फुलतात ती त्याच्या बाजूला धरलेली पिल्लं. आईचा वाफा इतकी वर्षं तसाच चालत होता.

गड्डे घेऊन गेलो तर बाबांनी वाफा आधीच करून ठेवला होता, शेणखत घालून. आम्ही दोघांनी मिळून लावले. मी दोन कंद उलटे लावले, ते त्यांनी काही न बोलता सरळ केले.

चार मे फ्लॉवरपैकी दोन फुलली. एकाला नुसतीच पानं आली. चौथ्या कुंडीत अजून काही नाही. मी विचारलं, यात आहे का काही, बघू का? बाबा म्हणाले, "असू दे."

परवा सोमवार होता. संध्याकाळी फोनवर मागे एसटी स्टँडचा आवाज येत होता. मी काही विचारलं नाही.

उद्या श्लोक २९. रामकृष्ण हरी.