चंद्राचे हास्य आणि वाणीचा धर्म

बीड जिल्ह्यातील लिंबागणेश येथील भालचंद्र गणेशासमोर हात जोडले असता, रूपगर्वाने गजाननाला हसून शापित झालेल्या आणि पुढे तपश्चर्येने त्याच्याच भाळी विराजमान झालेल्या चंद्राची कथा मनात जागी होते, आणि तिच्यामागोमाग एक गंभीर प्रश्न उभा राहतो : उपहास हा सर्वथा वाणीचा अधर्मच मानावा काय?

या प्रश्नापाशी मला आचार्य अत्र्यांचे स्मरण होते. 'झेंडूची फुले' लिहिणारा हा विडंबनकार, नाटककार आणि चित्रपटनिर्माता १९५६ साली दैनिक 'मराठा' काढून मराठी भाषकांच्या राज्यासाठीच्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरला आणि विरोधी पक्षाचा आमदार म्हणून विधानसभेत गर्जला. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली दबलेल्या आमच्या बीडच्या मुलखालाही मराठी राज्याची तीच आस होती.

स्वतःच्या श्रेष्ठत्वासाठी दुसऱ्याला हसणे हा चंद्राचा अपराध. परंतु ज्यांची फिर्याद दरबारी कोणी ऐकत नाही, त्यांच्या वतीने सत्ताधीशाच्या दर्पावर केलेला प्रहार, त्यात द्वेष नसेल तर, धर्मकार्यच होय. अत्र्यांच्या प्रहारात द्वेष नव्हता, याची कसोटी कोणती? ज्या पंतप्रधान नेहरूंवर त्यांनी कठोर आघात केले, त्यांच्या १९६४ मधील निधनानंतर त्याच लेखणीने 'सूर्यास्त' ही शोकविव्हल लेखमाला लिहिली. विरोध संपताच जी वाणी नम्र होऊ शकते, तिलाच देवाच्या भाळी स्थान मिळते, अशी माझी श्रद्धा आहे.