पत्रा दिसेपर्यंत

आधी बसा. घाई असेल तर हे काम आजचं नाही.

नेकनूरच्या एखाद्या वाड्यामागे, कडुलिंबाखाली, एक जुनी जीप उभी आहे असं मनाशी धरा. आठवडी बाजाराचा दिवस नको, गलबल असते. मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज दुरून येतोय, तेवढा असू द्या.

जीपच्या पुढ्यात बसा. जाळीतल्या उभ्या फटी मोजा. सात. महायुद्धातल्या जीपला नऊ होत्या. 1945 साली विलिज कंपनीनं शेतकऱ्यांसाठी जीप काढली, तेव्हापासून सात झाल्या. डॉज, शेवरलेट या अमेरिकन गाड्या मुंबई-हैदराबादच्या बंगल्यांतून फिरल्या. बालाघाटाच्या दगडधोंड्यांतून वर आली ती ही. विलिजच्या परवान्यावर महिंद्रांनी मुंबईत जुळवलेली, तरी स्टेअरिंग अमेरिकेसारखं डावीकडेच. त्यामुळे ड्रायव्हर बसायचा रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या फांद्या चुकवत.

आता डावं मडगार्ड. बत्तीच्या खाली रुपयाएवढा पोपडा आलाय. त्यावर नख लावू नका, नुसतं बघा. कडेला तांबूस गंज आहे. तो झाकून वरून रंग दिला तर आतल्या आत पसरतो.

बादलीत पाणी घ्या, साबणाचे चार थेंब टाका. चारशे नंबरचा वॉटर पेपर भिजवून रबराच्या तुकड्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांचे खड्डे पडतात. एकाच दिशेनं, हलक्या हातानं घासा. आधी खरखर ऐकू येईल, मग खसखस. आवाज मवाळ झाला की थांबा, पाणी सोडा.

बघा, कडी उमटलीत. सगळ्यांत बाहेर विटका हिरवा. त्याच्या आत काळा: काळी-पिवळी म्हणून चालली तेव्हाचा, नऊ जणांच्या गाडीत सतरा माणसं आणि मागं लोंबकळणारी तीन. त्याच्या आत पांढरा, कुठल्या तरी खात्याच्या नोकरीतला. मग तांबडं रेड ऑक्साइड. मधोमध लखलखता पत्रा. या कड्यांकडे निवांत पाहत राहा. हात ओला आहे, वाळू द्या.

पोळ्याच्या आधी बैलाची शिंगं साळतात ते आठवा. वरची खरबरीत साल निघते, आत गुळगुळीत, किंचित ओलसर शिंग लागतं. हिंगूळ लागतो तो त्यानंतर. साळण्याचा कंटाळा केला की रंग दोन पावसांत उतरतो.

पत्रा पुसा. प्रायमर द्या. वाळेपर्यंत रंग जुळवा.

आपल्याकडचे पेंटर अजून ‘ड्युको मारायचा’ म्हणतात. ड्युको हे ड्यूपाँट या अमेरिकन कंपनीनं 1923 साली बाजारात आणलेल्या रंगाचं नाव. त्याआधी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागत. ड्युको तासांत वाळू लागला. कंपनीचं नाव गेलं, शब्द गॅरेजात राहिला.

पण जुळवणीला तास पुरत नाहीत. बॉनेटची आतली कड बघा: तोच हिरवा, गर्द. डबीतला रंग त्याच्याशी नेमका जुळतो. आपल्याला जुळवायचाय तो बाहेरच्या, उन्हानं खाल्लेल्या हिरव्याशी. थोडा पांढरा घाला, काडीच्या टोकावर येईल एवढा पिवळा. पत्र्याच्या पट्टीवर ठिपका देऊन उन्हात धरा. ओला असताना जुळल्यासारखा वाटेल. वाळू द्या. नाही जुळला? पुन्हा. नव्यासारखी चकाकवलेली जुनी जीप मला म्हातारीला फ्रॉक घातल्यागत दिसते, म्हणून हा खटाटोप.

श्रावणातली दमट सकाळ असेल तर ऊन चढेपर्यंत थांबा. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग पांढुरका होतो. थांबण्यात काही जात नाही.

मग बारीक ब्रश. रंग ओढायचा नाही, टेकवायचा. पातळ थर, वाळवण, पुन्हा थर. ठिपका आजूबाजूपेक्षा केसभर वर आला की पुरे. दुसऱ्या दिवशी बाराशेचा पेपर, पाणी, आणि शेवटी रबिंग कंपाउंड.

आता उठा, ड्रायव्हरच्या बाजूला या. चढायच्या जागी बॉडीची जी वळणदार कड आहे, तिथलाही रंग गेलाय. पण तिथं पोपडा नाही, गंजही नाही. वर्षानुवर्षं चढता-उतरता मांडी घासून पत्रा चांदीसारखा गुळगुळीत झालाय. ब्रश तिकडे नेऊ नका. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या जुवाखालच्या घट्ट्याला हळद-तूप चोळतात, तसं एका फडक्यावर थोडं तेल घ्या. त्या कडेवरून फिरवा. अजून एकदा.