गहाण पडलेले नाव

आमच्या सांप्रदायात 'ठेव' हा शब्द फार येतो. देह ही देवाची ठेव, नाम ही संतांची ठेव, गळ्यातील माळ ही गुरूची ठेव. कीर्तनात हे आम्हीही शेकडो वेळा बोललो, लोकांनी माना डोलावल्या, टाळ वाजले, आणि आम्ही घरी जाऊन जेवलो. पण खरोखरीची ठेव, फडक्यात बांधलेली, कोणी आमच्या पुढ्यात आणून ठेवली तेव्हा काय झाले ते सांगण्यासारखे आहे; कारण त्यात आमचीच शोभा झाली.

सांताक्रूझला वाकोल्याच्या बाजूस आमचे लहानसे भजनी मंडळ आहे. एकादशीला दहा-वीस माणसे जमतात. डोक्यावरून विमान गेले की पखवाजाचा बोल ऐकू येत नाही. विमान जाईतो नुसते ओठ हलवायचे आणि मग पुन्हा सूर धरायचा, अशी आमच्या भजनाची रीत पडली आहे. २०२३ सालच्या आषाढीच्या आधीची गोष्ट. वारीला जाणारांची यादी चालली होती. सत्तरीला आलेले एक गृहस्थ सगळे उठून गेल्यावर मागे राहिले आणि म्हणाले, "बुवा, एक ओझं आहे. यंदा चंद्रभागेत सोडावं म्हणतो."

त्यांनी पिशवीतून गाठोडे काढले. जुन्या लुगड्याचा विटलेला तुकडा, त्यात दोन वस्तू. एक चांदीचे पदक, त्यावर पंचम जॉर्ज बादशहाचे मुंडके. दुसरी काशाची गोल चकती, लहान ताटलीएवढी, जवळजवळ पाच इंचांची. तीवर हातात माळ घेतलेली एक बाई, पायाशी सिंह, आणि चौकटीत इंग्रजी अक्षरांत एक मराठी नाव. गृहस्थांचे आजोबा सातारा जिल्ह्यातील एका बाजारगावी सावकारी करीत. त्यांच्याकडे हे गहाण पडले. वही वाळवीने खाल्ली, माल राहिला. वडील मुंबईस आले, त्यांच्या ट्रंकेतून गाठोडेही आले. घरात कोणी ते विकले नाही, कोणी देव्हाऱ्यात ठेवले नाही, आणि कोणी परतही केले नाही.

"तुकोबांनी नाही का खतं इंद्रायणीत बुडवली?" गृहस्थ म्हणाले. "मीही बुडवतो नि मोकळा होतो."

सज्जनहो, येथे थोडे थांबले पाहिजे. तुकोबारायांचे घराणे महाजनकीचे. दुष्काळाने घर धुऊन नेले, विरक्ती आली, आणि मग त्यांनी लोकांकडून येणे असलेली खते डोहात सोडली, ही कथा लहान मुलालाही ठाऊक. पण पुढचा तपशील आपण कीर्तनकार घाईत गाळतो. बुडविण्याआधी खतांचे दोन वाटे झाले. कान्होबांचा वाटा कान्होबांना दिला गेला. तुकोबांनी बुडविली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. ज्यावर भावाचा हक्क, तेथे तुकोबांच्या वैराग्यानेदेखील हात घातला नाही. शिवाय ती खते म्हणजे लोकांनी तुकोबांना द्यायचे होते ते. ते बुडाले म्हणजे कुणब्याची मान सुटली. ह्या गाठोड्यात मात्र दुसऱ्याचे आपल्याकडे असलेले होते. ते पाण्यात गेले असते तर सुटले कोण असते? सावकाराचा नातू. आणि बुडाले असते कुणब्याचे घर, पुन्हा एकदा. येणे बुडविणारा तो संत. देणे बुडविणाऱ्यास आपल्या भाषेत निराळा शब्द आहे, तो त्या वेळी गृहस्थांच्या तोंडावर आम्ही उच्चारला नाही.

आम्ही म्हटले, "नदीत नको. मंदिरात राहू द्या." सल्ला निम्माच बरा होता. वाईट निम्म्याबद्दल पुढे सांगतो.

आधी ती चकती काय होती ते सांगितले पाहिजे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात इंग्रज साम्राज्याचे जे सैनिक मेले, त्यांच्या जवळच्या आप्तांना सरकारने अशी एकेक चकती धाडली. १९१९ पासून त्या ओतल्या गेल्या, आणि तेरा लाखांवर निघाल्या. दिसायला मोठ्या पैशासारखी, म्हणून विलायतेत लोक तिला मेलेल्याचा पैसा म्हणत. स्वातंत्र्य व सन्मान यांसाठी हा मेला, असा मजकूर तिच्या कडेने आहे. कोणाचे स्वातंत्र्य, हे सातारच्या बाईला कोणी समजावून दिले असेल असे वाटत नाही. पण एक गोष्ट तिच्यात घेण्यासारखी आहे. तीवर नुसते नाव असते, हुद्दा नसतो. सर्वांचे मरण सारखे, म्हणून जनरल असो की शिपाई, अक्षरे तेवढीच. वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडतो तेव्हा समोरच्याचा हुद्दा विचारीत नाही, त्याच जातीची ही गोष्ट.

पदकाच्या कडेवर मात्र नंबर, हुद्दा, नाव, पलटण असे सारे कोरलेले होते. आमच्या मंडळात मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार टाळ धरतात. त्यांनी भिंग लावून वाचले: ११० मराठा लाइट इन्फन्ट्री. वाचून झाल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "कूतची पलटण."

कूत हे गाव इराकात, तैग्रिस नदीच्या काठी. जनरल टाउनशेंडची सहावी, म्हणजे पुण्याची, डिव्हिजन तेथे कोंडली गेली. तीत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा पडला होता. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याची पाळी आली. हिंदी शिपायांनी ते मांस घेण्यास नकार दिला. हिंदुस्थानातील धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा आल्या, तरी बहुतेकांनी अखेरच्या काही आठवड्यांपर्यंत तोंड लावले नाही, आणि हाडांचे सापळे झाले. आम्ही एकादशीला साबुदाण्याची खिचडी, रताळे, शेंगदाण्याची आमटी आणि वर दही खाऊन उपवास केला म्हणतो. असो. शेवटी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. पुढे वाळवंटातून पायपीट, आणि रास अल ऐनकडे आगगाडीच्या रुळांवर कैद्यांची मजुरी. कित्येक वाटेतच पडले.

इराकात ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांवर लोकांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत. हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायांच्या बाबतीत दगडावर पलटणीचे नाव आणि मेलेल्यांचा आकडा, इतकेच. सर्वांना सारखे वागवू म्हणून १९१७ साली ज्या कमिशनची स्थापना झाली, त्याच कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये अहवाल काढून हा भेदभाव झाल्याची कबुली दिली. आता पाहा, दगडावर ज्याचे नाव नाही, त्याचे नाव ह्या दोन ठिकाणी धातूवर उमटले होते. आणि ती दोन्ही सावकाराच्या ट्रंकेत. माणूस एकदा कूतला कोंडला गेला आणि दुसऱ्यांदा बाजारगावी.

तर आता आमची चूक. गाठोडे मंदिराच्या कपाटात ठेवले. पहिल्या आठवड्यात कोणी चकतीला हळदकुंकू वाहिले. दुसऱ्या आठवड्यात हार आला. पाहुणे आले की आम्ही स्वतः कपाट उघडून दाखवू लागलो, सोबत कूतची कथा सांगू लागलो, आणि कथा चांगली रंगू लागली. ह्यात आठ महिने गेले. घर शोधायचे आहे हे ठाऊक होते. पण कार्तिकी आली, सप्ताह आला, कारणांना काय तोटा! एके दिवशी सुभेदार सरळच म्हणाले, "बुवा, तुम्ही त्याचा देव केलात. आता घरच्यांना काय दर्शनाची रांग लावायची?"

ते आम्हांला झोंबले. त्या रात्री एक जुनी हकीकत आठवली. ह्याच सांताक्रूझच्या धावपट्टीवरून १९५० साली एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान निघाले आणि ३ नोव्हेंबरला आल्प्सच्या मों ब्लां शिखरावर आदळले. ४८ माणसे गेली. त्यांत विलायतेत बोटीवर रुजू होण्यास निघालेले आपले खलाशी पुष्कळ. पुढे १९७८ मध्ये तिथल्या हिमनदीने टपालाची पाकिटे बाहेर टाकली. एका फ्रेंच पोलिसाला ती सापडली, आणि पाकिटे मूळ पत्त्यांवर पुन्हा रवाना झाली. त्या पोलिसाने ती काचेत मांडली नाहीत. पत्ता लिहिलेला आहे, तेव्हा त्या पत्त्यावर गेले पाहिजे, एवढे साधे तो जाणत होता. आणि आम्ही तीस वर्षे ठेवीवर कीर्तन करून जाणत नव्हतो.

शोध मग फार अवघड गेला नाही, हेच अधिक लाजिरवाणे. कमिशनच्या दप्तरात हिंदी शिपायांच्या पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. नुसत्या नावाने भागत नाही, कारण त्याच नावाचे चार-चार जण निघतात. पदकाच्या कडेवरचा नंबर हवा. नंबर जुळला. सुभेदारांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारले, नंतर गावच्या पोलीसपाटलांशी फोनवर बोलले. घर होते. माणसे होती. ज्यांच्या घरी अशी वस्तू पडून असेल त्यांनी हा मार्ग ध्यानी ठेवावा. आणि पदक घासूनपुसून चकचकीत करू नये, कडेवरची अक्षरे झिजली तर पत्ताच गेला.

२०२४ च्या चैत्रात आम्ही तिघे एस.टी.ने गेलो. गृहस्थ वाटभर गप्प. सुभेदार त्यांना धीर देण्यासाठी यशवंत घाडगे यांची गोष्ट सांगत होते. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा मुलगा, ह्याच ११० च्या वंशातील ३/५ मराठा पलटणीत नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात त्याने एकट्याने मशीनगनची चौकी मोडली आणि तेथेच गोळी लागून गेला, वय अवघे २२. व्हिक्टोरिया क्रॉस घरी आला, देह आला नाही. तिकडे मोंतोने गावच्या लोकांनी २०२३ साली त्याच्या नावाने सूर्यघटिका उभारली, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत असे तीवर लिहिले. गृहस्थांनी सारे ऐकले आणि विचारले, "पण त्यांनी सावकार म्हणून शिव्या दिल्या तर?" सुभेदार म्हणाले, "तर घ्यायच्या."

घरात शिपायाची नातसून होती, सत्तरीच्या पुढची, कपाळी बुक्का. तिचा नातू शाळेतून नुकताच आला होता. गृहस्थांनी आधी स्वतःच्या आजोबांचे नाव सांगितले, मगच गाठोडे पुढे केले. आम्हांला वाटले होते, बाई रडेल. ती रडली नाही. तिने धातूकडे पाहिलेच नाही. लुगड्याचा तुकडा दोन बोटांत धरून पाहिला. म्हणाली, "आजेसासूबाई सांगायच्या. बहात्तरच्या दुष्काळात गेल्या, तवर सांगायच्या, धन्याची चकती गहाण हाय, ती सोडवायची हाय. पोराच्या दुखण्यात ठेवली हुती म्हनं." आणि मग उठली, फडताळातला डबा काढला, त्यातून पिशवी काढली आणि गृहस्थांना सरळ विचारले, "दादा, व्याजासकट किती झालं म्हनायचं?"

गृहस्थांना उत्तर देता येईना. ते खाली वाकले, तिच्या पाया पडले. तीही वारकऱ्यांच्या रीतीने वाकली, तेव्हा दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि पोरगा खुदकन हसला. आम्ही मध्ये काहीतरी बोलायला लागलो होतो, तुकोबांचाच दाखला ओठांवर आला होता, पण सुभेदारांनी गुडघ्यावर हात ठेवून आम्हांला गप्प केले.

पोराने चकती हातात घेतली व इंग्रजी अक्षरे लावून नाव वाचले. साहेबाच्या कारकुनाने ते आपल्या कानाने लिहिलेले, त्यामुळे वाचले तसे ते भलतेच झाले. म्हातारी म्हणाली, "तसं न्हवं रं." आणि तिने ते नाव घरात म्हणत तसे म्हणून दाखविले. पोराने मागोमाग म्हटले. तिने पुन्हा म्हणून दाखविले.

पिशवी तिने बराच वेळ डब्यात परत ठेवली नाही. शेवटी गृहस्थांनी तिच्याकडून एक रुपया मागून घेतला आणि व्याजासकट पोहोचले असे कागदावर लिहून खाली सही केली. तो कागद तिने देवामागे ठेवला. चार वाजता परतीची गाडी होती. आम्ही उठलो तशी ती दारात आडवी आली. "आज काय एकादस न्हाई," ती गृहस्थांना म्हणाली, "भाकरी टाकते. तुमी सावकाराचं, आमच्याकडनं उपाशी कसं जाल?"