पूर्ववत म्हणजे कधीसारखं?

आमच्या पिकअपच्या हौद्यावर ताडपत्रीसाठी पाइपची कमान आहे. त्या कमानीला, ड्रायव्हरच्या बाजूला, एक हूक वेल्ड केलेला आहे. सळई वाकवून केलेला, ओबडधोबड. कंपनीने तो दिलेला नव्हता. गाडी उघडून बसलो त्या पहिल्याच आठवड्यात मिस्तरींनी ग्राइंडर हातात घेतला आणि विचारलं, "हाऊ कापी टाकू का?"

मी "टाका" म्हणणार, तेवढ्यात चहा घेऊन आलेली आई म्हणाली, "त्याला सलाइनची बाटली लटकवायचे तुझे बाबा."

ग्राइंडर खाली गेला. तेव्हापासून वर्षभर मी एका प्रश्नाशी झगडतोय. जुनी वस्तू 'पूर्ववत' करायची म्हणजे नेमकी कधीसारखी?

आमचं गाव पारोळा तालुक्यातलं. जिल्हा जळगाव, पण जवळ धुळं. कापूस धुळ्याला, पेशंट धुळ्याला, गाडीचं काम निघालं तरी धुळ्याला, मुंबई-आग्रा रोडवर. या सगळ्या खेपा ज्या गाडीने केल्या ती महिंद्राची एफसी, म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. जीपचीच बहीण, पण नाक कापलेली. पुढे बॉनेट नाही, ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली. मूळ आराखडा अमेरिकेतल्या विलीज कंपनीचा, १९५०च्या दशकातला. छोट्या गाडीत मोठा हौदा बसावा म्हणून केलेली ही युक्ती. तिचा परिणाम असा, की मे महिन्यात, पारा ४४ला असताना, केबिनची भट्टी व्हायची. आणि जानेवारीच्या पहाटे आम्ही भावंडं त्या झाकणावर बसण्यासाठी भांडायचो.

आरसी बुकात नोंदणीचं साल १९७२ आहे. दुष्काळाचं साल. आजोबांनी त्या वर्षी गाडी कशी घेतली, हे घरात कुणी नीट सांगत नाही.

गाडीचं मूळ इंजिन पेट्रोलवर चालणारं 'हरिकेन'. चार सिलिंडर, २.२ लिटर, इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये, अशी आता कुठेच न दिसणारी रचना. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग होत गेलं आणि डिझेल त्यामानाने स्वस्त राहिलं. त्या काळात अनेकांनी जीपगाड्यांची पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवली. बाबांनीही तेच केलं. मोडीत निघालेल्या एका गाडीचं डिझेल इंजिन आणलं, फाउंडेशन कापून नवी केली, गिअरबॉक्सला जोडायला प्लेट बनवून घेतली, आरटीओत जाऊन बुकावर नव्या इंजिन नंबरची नोंद करून घेतली. जुनं हरिकेन मात्र विकलं नाही. ते गोठ्यामागच्या खोलीत, बारदानाखाली पडून राहिलं.

बाबा गेल्यावर गाडी तीन पावसाळे चिंचेखाली उभी होती. मी ती अंगणात ओढून घेतली ती हौसेने. यूट्यूबवर लोक गंजलेल्या गाड्या नव्याकोऱ्या करतात ते व्हिडिओ पाहून हात शिवशिवत होते. मग एक गृहस्थ गाडी बघायला आले. जुन्या गाड्या जमवणारे. त्यांनी चासी नंबर पाहिला, खोलीतलं हरिकेन पाहिलं आणि मला स्वप्नातही सुचली नसती अशी रक्कम बोलले. अट एकच होती. डिझेल काढायचं, हरिकेन परत बसवायचं, हौद्याची सगळी 'गावठी कामं' काढायची. गाडी शोरूममधून निघाली तशी हवी.

त्यांच्या अटीमागे कायदाही होता. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये, नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला ती गाडी रस्त्यावर आणायची नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी, तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा.

"पण फेरबदल तर झालाय," मी म्हटलं.

"मूळ इंजिन परत बसवलं की झालाच नाही," ते म्हणाले.

त्या वाक्याने माझी झोप गेली. झालेली गोष्ट उलटी केली की ती 'झालीच नाही' अशी होते का? फोन फॅक्टरी रीसेट केला की तो पहिल्या दिवसासारखा होतो. पण तुम्ही तो चार वर्षं वापरला, हे त्यामुळे खोटं ठरत नाही. एवढंच होतं, की ते आता कुठे दिसत नाही.

वस्तूचे भाग बदलत गेले तर वस्तू तीच राहते का, हा प्रश्न फार जुना आहे. प्लुटार्कने थीसिअसच्या जहाजाची गोष्ट लिहून ठेवली आहे. अथेन्सचे लोक त्याच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेले, मग जहाज तेच की दुसरं? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज बांधलं तर खरं कुठलं? आमच्या गोठ्यामागे बारदानाखाली हॉब्जचा हाच प्रश्न ऑइल गाळत पडला होता.

आपल्याकडे हा प्रश्न रथावरून विचारला गेला. 'मिलिंदप्रश्ना'त भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग दाखव, रथ कुठला? दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो, की हे सगळे भाग असे जुळून आले म्हणून आपण त्याला रथ म्हणतो. रथ नावाची वेगळी चीज त्यात लपलेली नाही.

हेडचं काम करायला अमळनेरच्या लेथवर गेलो, तेव्हा हे डोक्यात घोळत होतं. ज्या गावात प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारलं, तिथे इंजिनाचं हेड मांडीवर घेऊन मी नागसेनाचा विचार करत होतो. पण लेथसमोर बसल्याबसल्या लक्षात आलं, की माझं दुखणं वेगळं आहे. गाडी 'तीच' आहे का, हा नागसेनाचा प्रश्न. माझा त्याहून साधा होता आणि जास्त टोचणारा. मी जे करणार आहे, त्यातून मी या गाडीबद्दल काय सांगणार आहे? आणि ते खरं आहे का?

कारण दुरुस्ती आणि पुनर्स्थापना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्ती उद्याकडे बघते. गाडी सकाळी सुरू व्हावी, एवढंच तिचं म्हणणं. पुनर्स्थापना मागे बघते आणि मागचा एक दिवस निवडते. तो निवडण्यात सगळी मेख आहे. शोरूममधला दिवस निवडला तर गाडी सुंदर दिसेल, पण त्या दिवशी त्या गाडीत आमचं कुणीच नव्हतं. कापूस नव्हता, वऱ्हाड नव्हतं, रात्री दोन वाजता धुळ्याच्या सिव्हिलला नेलेली कुणाची बाळंतीण नव्हती. तो तिच्या आयुष्यातला सर्वांत रिकामा दिवस, आणि त्यालाच आपण 'मूळ' म्हणतो.

'मूळ स्वरूप' या अटीत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. जी गाडी राबली, ती बदलली. पत्रा फाटला, ठिगळ लागलं. पेट्रोल परवडेना, इंजिन बदललं. न बदलता पन्नास वर्षं काढायची तर बंद गॅरेज लागतं, पैसा लागतो आणि मुख्य म्हणजे त्या गाडीवाचून काही अडता कामा नये. म्हणजे सन्मानाची पाटी मिळते ती बहुतेक करून जिच्यावर कुणाचं पोट नव्हतं तिला. नियम करणाऱ्यांच्या मनात असं काही होतं असं मी म्हणत नाही. जुन्याचं जतन करायला काहीतरी कसोटी लागतेच. पण या कसोटीत राबणारी वस्तू नापास होते, हेही खरं.

सुंदर करण्याच्या नादात काय होतं, याचं उदाहरण शोधायला आम्हाला लांब जावं लागत नाही. अजिंठा जळगावपासून दीड-दोन तासांवर. १९२०च्या सुमारास हैदराबाद संस्थानाने तिथल्या चित्रांच्या जतनासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी निखळणारे पापुद्रे चिकटवले, ते फार मोलाचं काम होतं. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं वॉर्निश दिलं. पुढे ते पिवळं पडलं, काळवंडलं, आणि ते काढण्यात पुरातत्त्व खात्याची वर्षं गेली. हेतू चांगला होता, हात कसबी होते. तरीही आपण आज लावतो तो थर उद्या कुणाला तरी काढावा लागू शकतो, हे त्यातून मी शिकलो.

एका दुपारी हे सगळं मिस्तरींपुढे बोललो. ते गिअरबॉक्सखाली पडून होते. तिथूनच म्हणाले, "हाई गाडी तुना बापनी शे का कंपनीनी?"

मला उत्तर मिळालं असं वाटलं. पण लगेच शंकाही आली. बाबांची म्हणून प्रत्येक खूण जपायची, हाही एक प्रकारचा शोरूमच नाही का? बाबांनी स्वतः काही जपलं नव्हतं. आजोबांच्या गाडीचं इंजिन त्यांनी बिनदिक्कत काढलं, चासीवर गॅस चालवताना त्यांना मूळ-बीळ आठवलं नाही. त्यांचा मान राखायचा म्हणजे त्यांनी केलेलं तसंच ठेवायचं, की ते वागले तसं वागायचं? मी डिझेलला देवघरात बसवायला निघालो होतो; त्यांनी त्यातून धूर जास्त निघतो म्हणून ते कधीच उतरवलं असतं.

आणि ताई होती. फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गाडीत अर्धा वाटा माझाही आहे. ते गृहस्थ एवढे पैसे देतायत. तुझ्या तत्त्वज्ञानाचे पैसे मी का भरू?"

याला प्लुटार्ककडे उत्तर नाही. तिच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी भरायची होती. तो हूक तिलाही आठवत होता, माझ्यापेक्षा जास्तच. एकदा ती बाटली हातात धरून तीच बसली होती, म्हणून तर बाबांनी नंतर हूक लावून घेतला. आठवण जपायची श्रीमंती एकाने करायची आणि तिचं बिल दुसऱ्याला लावायचं, यात कसली आली नीती?

शेवटी जे केलं ते असं. ब्रेक पूर्ण नवे. ड्रमपासून पाइपपर्यंत एकही जुना तुकडा ठेवला नाही. जिथे दुसऱ्याच्या जिवाचा संबंध आहे तिथे आठवणीला जागा नाही. डिझेल इंजिन तेच ठेवलं, रिंगा नव्या टाकल्या. हौद्याचा कुजलेला पत्रा कापून नवा घातला, पण तो वेल्ड न करता बोल्टांनी बसवला. पुढे कुणाला माझं काम चुकीचं वाटलं तर दोन पान्यांनी उतरवता यावं. रंग सगळीकडे एकसारखा दिला नाही. नवा पत्रा नवाच दिसतो, ठिगळ ठिगळच दिसतं. हरिकेन साफ करून, ग्रीस लावून त्याच्या जागी ठेवलं. बुकावरची बाबांनी केलेली नोंद तशीच आहे.

रस्त्यावर मात्र गाडी काढत नाही. भारतात १ एप्रिल २०२०पासून नव्या गाड्यांना बीएस-६ लागू आहे. आमचं इंजिन त्या भाषेतलं एक अक्षरही जाणत नाही. माझी आठवण माझी आहे, पण तिचा धूर पारोळ्याच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या पोराने का घ्यावा? शेतात, बांधाच्या आत, कापसाच्या दिवसांत ती दोन-चार फेऱ्या मारते, तेवढंच.

त्या गृहस्थांना नाही म्हणून कळवलं. त्यांनी बोललेल्या रकमेचा अर्धा हिस्सा मी ताईला हप्त्याहप्त्याने देतोय. तत्त्व माझं, तर किंमतही मीच भरायची. हे बरोबर झालं का, मला अजून पक्कं सांगता येत नाही. हप्त्याच्या तारखेला तर मुळीच नाही.

दिवाळीत ताई आली. संध्याकाळी गाडी शेतातून आणून उभी केली होती. ती केबिनमध्ये चढली आणि झाकणावर तळहात ठेवून बघितला. गरम होतं. मग आरामात त्यावर बसली, लहानपणी बसायची तशीच, मला जागा न ठेवता.

"छान झालीये," ती म्हणाली. "या महिन्याचा राहिलाय, लक्षात आहे ना?"