मुक्कामी धरलेली जागा

चैत्र महिन्यात श्रीक्षेत्र शिखर शिंगणापूरच्या वाटा भाविकांनी फुलून जातात. माण तालुक्यातील डोंगरमाथ्यावर वसलेल्या या शंभू महादेवाच्या क्षेत्री चैत्र शुद्ध अष्टमीस शिवपार्वतींचा विवाहसोहळा होतो व द्वादशीस कावडी येऊन पोहोचतात. सासवडहून येणारी संत भुतोजी तेली यांची मानाची कावड मुंगी घाटाच्या उभ्या कड्याने वर चढते. या चढणीचे वर्णन सर्वजण भरभरून करतात. तिच्या आदल्या मुक्कामाविषयी मात्र क्वचितच कोणी काही बोलतो.

हा मुक्काम बहुधा साधाच असतो. कोणाची ओसरी, शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, नाहीतर सरळ झाडाखालची जमीन. दिवसभर उन्हात चाललेली मित्रमंडळी तेथे वळकट्या सोडतात, भाकरी-चटणीची फडकी उघडतात, पायाच्या फोडांना तेल लावतात. थट्टामस्करी रंगते, एखादा अभंग होतो. यात्रेचा निम्मा आनंद येथेच असतो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. आणि याच वेळी, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना, एक लहानसा अन्याय घडून जातो. त्यास आपण ‘जागा धरणे’ म्हणतो.

दहाजणांपैकी तिघे पुढे येतात, दहा सतरंज्या अंथरतात आणि मागाहून येणाऱ्या सातजणांसाठी मध्ये पिशव्या ठेवतात. यात वरकरणी दोष तो कोणता? उलट मित्रांविषयीची केवढी ती काळजी! स्वतःसाठी दोन हात जागाही न मागणारा सज्जन मनुष्य मित्रासाठी अर्धा सभामंडप अडवून बसतो. त्याच सुमारास एखादी वृद्धा आपल्या नातवासह दारात येऊन उभी राहते, रिकाम्या सतरंज्यांकडे पाहते आणि काही न बोलता अंगणात जाऊन बसते. स्वार्थ उघडा असला की त्याची लाज वाटते. तोच स्वार्थ स्नेहाचे उपरणे पांघरून आला, म्हणजे तो सद्गुण भासू लागतो. नीतीचा प्रश्न अवघड होतो तो येथे.

यावर कोणी म्हणेल, ‘सोबत्यांना वाऱ्यावर सोडावे काय? रात्री-अपरात्री थकून येणाऱ्या मित्रासाठी पथारी घालून ठेवणे हे तर कर्तव्यच.’ हे म्हणणे खोटे नाही. परंतु अजून वाटेवर असलेल्या माणसाची गरज आणि दारात उभ्या असलेल्या माणसाची गरज यांत आज, या क्षणी, दुसरीचा अधिकार मोठा मानावा लागतो. मित्र आल्यावर सर्वांनी थोडे सरकून घ्यावे. मैत्री असेल तर ती तेवढ्याने उणावत नाही. अनोळखी माणसाला सरकून घेण्याची ही विनंती करण्याचाही संकोच वाटतो, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पाण्याचीही तीच कथा. माणदेश हा पर्जन्यछायेचा मुलूख. येथे चैत्रात घागरभर पाण्याला मोल असते. मुक्कामाच्या गावी यजमानाने पुढे केलेली बादली ही त्याच्या घरातील कोणाच्या तरी डोक्यावरून आलेली असते. दोन बादल्यांनी स्नान उरकणाऱ्यास पुण्य किती लाभते, हे त्या महादेवालाच ठाऊक! शिखरावरील यात्रेकरूंची हीच अडचण पाहून छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी तेथे मोठा तलाव बांधविला. त्याचा उल्लेख ‘शिवभारत’ या काव्यग्रंथातही आढळतो. तलाव बांधला, तो येणाऱ्या सर्वांसाठी. तहान लागली एवढीच तेथे पात्रता.

दानाचा विचारही या अनुषंगाने करावयास हवा. आहुती अर्पण करताना ‘न मम’ असे म्हणण्याची आपली परंपरा आहे. खोली बांधून दिली, पाटीवर नाव कोरले, येथवर सर्व यथायोग्य. पाटी वाचून इतरांनाही देण्याची बुद्धी होते. तथापि त्या खोलीत कोणास उतरवावे हे ठरविताना देणाऱ्याचे नाव पुढे आले, तर ‘न मम’ हे शब्द तोंडचेच राहिले असे होईल. वयोवृद्ध वा आजारी दात्यास खोली अवश्य मिळावी, पण ती त्याच्या वयामुळे व आजारामुळे. पावती दाखवून मागितलेल्या खोलीला भाडे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

द्वादशीस मुंगी घाटात हे सारे हिशेब मोडतात. पाण्याने भरलेली जड कावड कड्यावरून न्यावयाची, तर मानवी साखळी करावी लागते. वरचा खालच्याला हात देतो, आणि तो हात कोणत्या गावचा, कोणत्या मंडळीतला, हे विचारण्यास तेथे उसंत नसते. पाय घसरू लागला की ‘म्हाद्या, धाव’ अशी एकेरी हाक घातली जाते आणि कोणीतरी मनगट धरतो. कदाचित तो आदल्या रात्री अंगणात झोपलेला असेल. त्याच्या हाताची उद्या गरज लागेल म्हणून त्याला आज जागा द्यावी, असे मात्र नव्हे. तसे केले तर तोही एक व्यवहारच झाला. त्या वृद्धेला तर घाट चढावयाचाच नसतो. ती दुसऱ्या वाटेने सावकाश वर जाईल, आणि साखळीत तिचा हात कोणाच्याच हाती येणार नाही. तिच्यासाठी सतरंजी मोकळी करावयाची ती हे जाणूनच.