तीन सेनापतींचा गुरू

कुरुक्षेत्रावरच्या अठरा दिवसांपैकी सतरा दिवस कौरवांचं सेनापतिपद परशुरामाच्या शिष्यांकडे होतं. भीष्म दहा दिवस, द्रोण पाच, कर्ण दोन. अठराव्या दिवशी शल्य आला तेव्हा युद्ध संपतच आलं होतं. तिघेही शिष्य अजोड, आणि तिघेही अधर्माच्या बाजूने लढले. तरीही कलियुगाच्या शेवटी कल्कीला घडवायला कोण पुढे येणार? कल्किपुराण म्हणतं, हाच परशुराम! मुंज झालेल्या कल्कीला तो महेंद्र पर्वतावरच्या आपल्या आश्रमात नेतो, वेद शिकवतो, धनुर्वेद शिकवतो. निवड चक्रावून टाकणारी आहे.

कारण या ऋषीचा लौकिक शांतपणासाठी नाही. एकवीस वेळा क्षत्रियांचा संहार, समंतपंचकात रक्ताचे पाच डोह, आणि शेवटी पितरांनीच येऊन त्याला आवरलं. मग जिंकलेली सगळी पृथ्वी त्याने कश्यपाला दान केली, तर कश्यपाने त्यालाच बाहेरची वाट दाखवली. महाभारतानुसार समुद्राने त्याच्यासाठी शूर्पारकाची जमीन मोकळी केली. ते शूर्पारक म्हणजे आजचं नालासोपारा, असं मानतात. (1882 साली भगवानलाल इंद्रजींनी तिथेच उत्खनन केलं आणि सापडला तो बौद्ध स्तूप. परशूवाल्याच्या भूमीतून अहिंसेचं स्मारक निघावं, हेही खासच.)

त्याच्या गर्वाचा खरा हिशेब मात्र वाल्मीकींनी बालकांडात मांडला आहे. सीतेला घेऊन वऱ्हाड अयोध्येला निघालंय. अचानक वावटळ उठते, धुळीत सूर्य दिसेनासा होतो आणि खांद्यावर परशू घेतलेला भार्गव समोर उभा राहतो. दशरथ हात जोडून मुलासाठी अभय मागतो. त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करून परशुराम थेट रामाला म्हणतो, शिवाचं धनुष्य मोडलंस, आता हे विष्णूचं चढवून दाखव. राम ते चढवतो, बाण लावतो आणि विचारतो: हा बाण वाया जाणार नाही, ब्राह्मण म्हणून तुम्हाला मारताही येत नाही; तुमची चालण्याची शक्ती घेऊ की तपाने मिळवलेले लोक?

परशुरामाचं उत्तर फार व्यावहारिक आहे. पृथ्वी दान दिलेली आहे, तिच्यावर रात्री मुक्काम करायचा नाही असा शब्द कश्यपाला दिलाय, तेव्हा महेंद्राला परतायला पाय हवेत. लोक घे. बाण सुटतो आणि जन्मभराची तपश्चर्या जाते. आपण त्याला सात चिरंजीवांत मोजतो आणि तो वर समजतो. या प्रसंगानंतर मात्र वाटतं, पुण्याईचे लोकच गेले, तर इथे थांबण्यावाचून त्याला गत्यंतर तरी काय होतं?

परशुराम आणि राम दोघेही विष्णूचेच अवतार; एका अवताराने दुसऱ्याला हरवावं, हा पेच वैष्णव आचार्यांनी आवेशावताराच्या कल्पनेने सोडवला. एका जिवात देवाचं तेज काही काळ उतरतं, काम झालं की निघून जातं. मग मागे उरतो तो माणूस, त्याची विद्या आणि केलेल्याची आठवण. हा उरलेला परशुराम उद्योगपर्वात भेटतो. कृष्णाची शिष्टाई चालू असताना भर सभेत तो दुर्योधनाला दंभोद्भव राजाची गोष्ट सांगतो. आपल्या तोडीचा योद्धा कोणी नाही म्हणून हा राजा लढाईची खाज घेऊन हिंडत होता. नर ऋषीने मूठभर गवताच्या काड्यांनी त्याच्या सैन्याची दाणादाण उडवली. गर्वाची गोष्ट सांगायला त्या सभेत याच्याइतका अधिकारी दुसरा नव्हता. दुर्योधनाने ऐकलं नाही, तो भाग वेगळा.

कल्किपुराणातही एक गोष्ट नजरेतून सुटू नये. परशुराम विद्या देतो, पण कल्कीच्या हाती तलवार येते ती शिवाकडून, घोडाही शिवाचाच. शेवटच्या युद्धात परशूला काम नाही. भागवताच्या नवव्या स्कंधातही तो महेंद्रावर शस्त्र खाली ठेवून शांत चित्ताने राहिलेला आहे. ज्याची विद्या तीनदा भलतीकडे गेली, तोच चौथ्याला ती कुठे थांबवायची हे सांगू शकेल, असा पुराणकर्त्यांचा होरा असावा. तो मला पटतो, अर्धाच का होईना. कारण कर्णाला ब्रह्मास्त्र शिकवून वर ते ऐन वेळी आठवणार नाही असा शाप देणारा गुरूही हाच.

चिपळूणजवळच्या परशुराम गावातलं मंदिर अठराव्या शतकात ब्रह्मेंद्रस्वामींनी नव्याने उभं केलं. तिथे भार्गवरामाच्या दोन बाजूंना काळ आणि काम आहेत. अक्षय्य तृतीयेच्या मिरवणुकांमधल्या फलकांवर मात्र उगारलेला परशू तेवढा दिसतो. धनुष्य रामाच्या हाती देणारा, सभेत समजावणारा परशुराम तिथे सहसा नसतो.

आणि कल्कीनंतरही त्याची सुटका नाही. भागवतातल्या यादीप्रमाणे पुढच्या, म्हणजे सावर्णी मन्वंतरातल्या सप्तर्षींमध्ये त्याचं नाव आहे. त्याच यादीत द्रोणाचा मुलगाही आहे: झोपलेल्या पांडवपुत्रांना मारणारा अश्वत्थामा.